न धुतलेलं लुगडं

सोलापुरातल्या ज्या नाट्यकेंद्रात मी संग्रहाचं काम पाहते, तिथे पोशाख दोन ठिकाणी असतात. तळमजल्यावर ड्रेपरी आहे. शाळांची गॅदरिंग, गणेश मंडळं, हौशी नाटकवाले यांना तिथून कपडे भाड्याने जातात: मावळ्यांचे अंगरखे, पोलिसांचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, राजांचे जिरेटोप. वरच्या मजल्यावर, तालमीच्या हॉलमागच्या खोलीत, संग्रह आहे. जुन्या मंडळ्यांचे फोटो, हाताने लिहिलेल्या संहिता, रंगवलेल्या पडद्यांचे तुकडे, एक न वाजणारा ऑर्गन आणि थोडे पोशाख तिथे खोक्यांत घालून ठेवलेले आहेत. तिथून काही बाहेर जात नाही. निदान जायचं नसतं.

या कामाआधी मी एका दैनिकात उपसंपादक होते. बातमीबद्दल जे विचारायचं तेच इथे वस्तूबद्दल विचारावं लागतं: ही कुणाची, कशासाठी केली, कुठे वापरली, आणि हे सांगणाऱ्याला कसं माहीत. वस्तू आणणारे बहुतेक जण एकाच वाक्याने सुरुवात करतात, ‘घरात जागा नाही आणि टाकवतही नाही.’ मग आख्यायिका सुरू होते. प्रत्येक तलवार कुठल्या तरी मोठ्या नटाच्या हातात शोभलेली असते. प्रत्येक पेटीवर कुठल्या तरी नामवंत गवयाला साथ झालेली असते. तपासता येतं ते मी तपासते. येत नाही त्यापुढे ‘देणाऱ्याच्या सांगण्यानुसार’ असं लिहिते. वर्तमानपत्रातही आम्ही याच शब्दांच्या आडोशाला उभे राहायचो.

लुगड्याच्या बाबतीत आडोशाची गरज पडली नाही, कारण ते घेऊन आलेल्या बाईंनी कुठलाही मोठा दावा केला नाही.

त्या सत्तरीच्या पुढच्या होत्या. पूर्वभागात राहणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, विणकराच्या घरातल्या. त्यांचा नवरा आधी हातमागावर बसायचा आणि नंतर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. वस्तीत उत्सवाच्या दिवसांत तेलुगू आणि मराठी नाटकं व्हायची. स्टेजवर यायला बायका मिळत नसत, त्यामुळे बायकांची कामं पुरुष करायचे. याचा आवाज बारीक होता, म्हणून राणीचं काम कायम याच्याकडे. अडचण एकच होती. तो उंच होता. कुठलंही लुगडं नेसवलं तरी पोटऱ्या उघड्या पडायच्या आणि राणी आली की प्रेक्षक हसायचे. शेवटी त्याने स्वतःच्या मापाचं लुगडं स्वतःच विणलं. डाळिंबी रंग, हिरवे काठ, पन्हा नेहमीपेक्षा वीतभर जास्त.

एवढं सांगून बाईंनी टेबलावर पदर उलगडला. आतल्या बाजूला तळहाताएवढा फिकट गुलाबी डाग होता आणि त्याच्या कडेला एक काळी रेघ. गुलाबी म्हणजे चेहऱ्याला लावलेला रंग. काळं म्हणजे काजळ. शेवटच्या अंकात राणीने पदरात तोंड लपवून रडायचं होतं, आणि तो दर वेळी तोंड पदरात खरंच दाबून धरायचा.

‘दर खेळानंतर मी धूत होते की,’ त्या म्हणाल्या. ‘त्या वक्ताला नळाला पाणी नव्हतं. आमच्याकडं पाणी कवा रोज आलंय? म्हटलं, आल्यावर धुवू. मग पाणी आलं तर हे म्हणाले, ऱ्हाऊ दे, पुढल्या खेळाच्या आधी धू. पुढला खेळ झालाच न्हाय.’

वस्तीतल्या मंडळाने नंतर बाहेरून नटी आणायला सुरुवात केली. नवरा पुढे बरीच वर्षं जगला, पण त्याने तोंडाला पुन्हा रंग लावला नाही. आता तोही नाही. त्याचा एक फोटो घरात आहे, लग्नातला. त्यात तो फोटोग्राफरला घाबरलेला दिसतो, असं बाईंचं मत होतं. 

‘त्यांचं तोंड हितं हाय,’ त्या म्हणाल्या. बोट डागावर नेलं, पण टेकवलं नाही.

मग देता कशाला, असं मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. नंतर पश्चात्ताप झालेले लोक खोक्यासाठी परत येतात.

‘घरात ठेवलं तर कुणीतरी धुणारच. सून लई स्वच्छ हाय माझी. तिच्या राज्यात मळकं काय टिकत न्हाय. मी बी टिकते का बघायचं.’

सून शेजारच्याच खुर्चीवर बसलेली होती. ‘बघा मॅडम, चारचौघांत असं बोलतात,’ ती म्हणाली आणि सासूच्या खांद्यावरून घसरलेला पदर तिने नीट केला.

अट एकच होती. लुगडं धुवायचं नाही, कधीही, कुणीही. मी तशी हमी दिली.

कापडाच्या वस्तूवर क्रमांक घालायची आमची पद्धत तेव्हा अशी होती: पांढऱ्या सुती पट्टीवर न जाणाऱ्या शाईने क्रमांक लिहायचा आणि पट्टी आतल्या कडेला सैल टाक्यांनी टाचायची, म्हणजे पुढे कधी उसवावी लागली तर कापडाला इजा होत नाही. ही पद्धत पुस्तकातली आहे. ड्रेपरीतही हेच करतात, पण तिथे पट्टीला अर्थ असतो. पट्टी असलेला कपडा भाड्याचा. पट्टी नसलेला कुणाच्या तरी घरचा, नटाने स्वतः आणून ठेवलेला, त्याला हात लावायचा नाही. मी वापरलेली पट्टी ड्रेपरीतल्याच गुंडाळीतून कापलेली होती. शाईची बाटलीही तिथलीच. आता संग्रहाची पट्टी पिवळी असते.

त्या हिवाळ्यात वरच्या खोलीत वाळवी निघाली. फवारणीसाठी खोली रिकामी करावी लागली आणि खोकी खाली ड्रेपरीत नेऊन ठेवली. गॅदरिंगचे दिवस होते. ड्रेपरी सांभाळणाऱ्या काकांसमोर सकाळपासून शिक्षकांची रांग लागायची आणि प्रत्येकाला शिवाजी महाराज त्याच दिवशी हवे असायचे. औषधाचा वास गेल्यावर खोकी वर आली. एकही कमी नव्हतं. उघडून कुणी पाहिली नाहीत.

काही दिवसांनी सकाळी सुनेचा फोन आला. तिच्या नवऱ्याला भिवंडीत काम मिळालं होतं. बिऱ्हाड हलवायचं होतं. सासूबाईंना निघण्याआधी लुगडं एकदा पाहायचं होतं.

‘उद्या दुपारी त्यांना आणलं तर चालेल का, मॅडम? परवा आम्ही निघतो. पुन्हा इकडं कधी येणं होतंय कुणाला ठाऊक.’

मी चालेल म्हटलं आणि खोकं काढलं. आतला पांढरा कागद व्यवस्थित घडी घातलेला होता. कागदात काही नव्हतं.

खाली गेले तेव्हा काका एका मुख्याध्यापकांना मिशा मोजून देत होते. ते जाईपर्यंत मी थांबले आणि काकांना लुगड्याचं वर्णन केलं.

‘डाळिंबी? हिरव्या काठाचं?’ काका म्हणाले. ‘गेलं की ते. कुर्डुवाडीला.’

‘गेलं म्हणजे?’

‘भाड्यानं. तिथल्या नाटक मंडळाला तीन नऊवारी पायजे होत्या, माझ्याकडं दोनच. तिसरी तिथं खोक्यात दिसली. पट्टी होती, मॅडम. पट्टी बघितल्याशिवाय मी काय देत न्हाय.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘वरलं होतं व्हय ते?’

कुणाचं होतं ते मी सांगितलं. काका हातातल्या मिशांसकट खुर्चीवर बसले. तेही पूर्वभागातलेच. बाई त्यांच्या गल्लीतल्या होत्या आणि ते त्यांना अक्का म्हणत.

खेळ आदल्या संध्याकाळी झाला होता. नेसण्याचा धोका फारसा नव्हता. नेसलेलं लुगडं चुरगळतं, एवढंच. धोका नेसून झाल्यानंतरचा होता. भाड्याचे पोशाख चांगली मंडळं धुऊन, इस्त्री करून परत करतात. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मंडळाची अब्रू त्यावर ठरते. जे घामट कपडे तसेच आणून टाकतात त्यांना काका पुढच्या खेपेला फाटका माल काढून देतात. कुर्डुवाडीचं मंडळ काकांच्या मते सगळ्यांत चांगलं.

‘लई सज्जन माणसं,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. ‘न वापरलेलं बी धुऊन देतात.’

मंडळ रेल्वेत नोकरी करणाऱ्यांचं होतं. कारभार पाहणारा माणूस वर्कशॉपमध्ये फिटर. पुन्हापुन्हा लावल्यावर त्याने फोन घेतला. मागे लोखंडावर लोखंड आपटत होतं.

‘कपडे ना, मॅडम? परवा पोचतात. सकाळीच लाँड्रीत टाकले सगळे.’

‘धुऊ नका. त्यातलं एक लुगडं...’

‘न धुता देऊ? असं कसं, मॅडम! आमची रीत न्हाय ती.’

‘मी केंद्रातूनच बोलतेय. मीच सांगते, धुऊ नका.’

‘उशीर झाला म्हणून रागावलाय व्हय? काकांना म्हणावं, कडक इस्त्री करून आणतो.’

फोन कटला. पुन्हा लावला तेव्हा लागला नाही. काका स्वतः निघायला तयार झाले होते, पण दारात रांग होती. त्यांनी लाँड्रीचा पत्ता सांगितला. मी पुढची गाडी धरली.

गाडीत बसायला जागा मिळाली. पिशवीत मलमलीचं कापड आणि सुती हातमोजे होते. डाग पाण्यात टिकेल का, या प्रश्नावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. टिकणार नाही, हे मला माहीत होतं. चेहऱ्याचा रंग रोज उतरवण्यासाठीच बनवलेला असतो. त्याऐवजी उद्या काय सांगायचं याचा विचार केला. डाग गेला असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, पहिल्या वाक्यात. ‘लुगडं सुरक्षित आहे’ असं म्हणायचं नाही. अशी वाक्यं मी वर्तमानपत्रात पुष्कळ छापली होती. ती खोटी नसतात आणि वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. माढा स्टेशन गेलं तरी पुढचं दुसरं वाक्य सुचलं नव्हतं.

लाँड्री स्टेशनापासून जवळच होती. दारासमोर दोरीवर वकिलांचे कोट वाळत होते. आत सिमेंटच्या हौदात कपडे भिजत घातले होते आणि हौदातलं पाणी डाळिंबी होतं.

‘नाटकाचे कपडे?’ मी विचारलं.

‘हेच की.’ लाँड्रीवाल्याने हौदात हात घातला आणि एक कपडा ओढून काढला. तो शेला होता, नवा, झगझगीत. ‘हा बघा, ताई. ह्यानं रंग सोडला. सगळी धोतरं गुलाबी केली. आता त्यांना मी काय तोंड दाखवू?’

‘यात नऊवारी आहे का?’

‘नऊवारी वर वाळत्यात.’

जिना चढून गच्चीवर गेले. दोन होत्या, एक जांभळी आणि एक पिवळी. दोन्ही शिवलेल्या: कमरेला इलास्टिक, निऱ्या आणि काष्टा आधीच टाचलेला, पायजम्यासारख्या चढवायच्या. डाळिंबी काहीच नव्हतं.

‘तिसरी कुठंय?’

‘तिसरी आलीच न्हाय माझ्याकडं. मी समोर मोजून घेतो, ताई, उगं माझ्यावर नाव नको.’ मग त्याला माझी दया आली असावी. ‘हिरोईनला विचारा की. तिकिटाच्या खिडकीवर असती ती.’

लुगडं लाँड्रीत नव्हतं. हे चांगलं की वाईट, हे परत स्टेशनाकडे चालताना ठरवता येईना. लाँड्रीत न दिलेला कपडा घरच्या मशीनमध्ये जातो.

राणीचं काम केलेली बाई आरक्षणाच्या खिडकीवर नोकरीला होती. रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर काचेतल्या भोकाशी वाकले.

‘कुठलं?’ तिने मान वर न करता विचारलं.

‘तिकीट नकोय. सोलापूरच्या नाट्यकेंद्रातून आलेय. ती डाळिंबी नऊवारी...’

तिने मान वर केली. ‘तो डाग आमचा न्हाय हां, मॅडम.’

मी काचेच्या आणखी जवळ सरकले.

‘आधीपासून होता,’ ती जोरात म्हणाली, कारण मधे काच होती. ‘मी फोटो काढून ठेवलाय मोबाइलमध्ये. खेळाच्या आधीचा हाय, वेळ सुद्धा येती त्यात.’

‘धुतलीत का?’

‘धुवीन कशाला? धुतली की तुम्हीच म्हणणार, हिनं डाग पाडला आणि पुसायला गेली. लाँड्रीत बी दिली न्हाय. तशीच ठेवलीय. काकांना समोर दाखवल्याबिगर मी सोडणारच नव्हते.’

रांगेतल्या माझ्या मागच्या माणसाने घसा खाकरला. ‘ओ ताई, तिकीट काढताय का साडी घेताय?’

‘थांबा की जरा, दादा,’ खिडकीतून उत्तर आलं. ‘नाटकातली हाय.’

‘नाटक काल झालं की! आज काय दुसरा अंक?’

रांग हसली. मी खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिले. त्या वेळी काय वाटलं ते लिहिण्याची मला सवय नाही. एवढंच नोंदवते की त्याच माणसाने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, ‘घ्या. बसा तिकडं बाकावर. तिकीट काय पळून जात न्हाय.’

भाड्याच्या कपड्यावर आधीचा डाग सापडला तर तो तसाच ठेवायचा, मालकाला दाखवायचा आणि मगच धुवायचा, ही त्या मंडळाची दुसरी रीत निघाली. काकांनी मला पहिलीच सांगितली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती मला स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली. चालताना तिने बाकीचं सांगितलं. लुगडं ती नेसलीच नव्हती.

‘घडी उघडली तर नुसतं सरळ कापड! शिवलेलं न्हायच. आमच्यात कुणाला येतंय आता नेसायला? माझ्या आईला यायचं. मोबाइलवर व्हिडिओ लावला, दोघींनी धरलं, तरी काष्टा ऱ्हाईना. आणि लांबरुंद किती, मॅडम! माझ्यासारख्या दोघी मावतील त्यात. शेवटी घरची पाचवारी नेसले. राणी असून! पुढच्या रांगेतली माझी नणंद म्हणाली, वहिनी, ही तर तुझ्या वास्तुशांतीची.’

तिने कपाट उघडलं. लुगडं धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. मी हातमोजे चढवले.

‘हातमोजे कशाला? काय लागलंय का त्याला?’ ती दोन पावलं मागे सरली. ‘मी तर अंगावर धरली होती.’

‘काही नाही. आमची पद्धत आहे.’

पलंगावर मलमल पसरून पदर उलगडला. डाग होता. गुलाबी होता तेवढाच होता आणि काळी रेघ कडेला तशीच होती. मी तो पुन्हा एकदा पाहिला, मग खिडकीजवळच्या उजेडात नेऊन पाहिला. तो कुणाच्या चेहऱ्याचा होता ते तिला सांगितलं.

‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘आणि मी डाग डाग करत बसले.’ तिने मोबाइल काढून तो फोटो पाहिला. ‘हा ठेवू का मी? की काढून टाकू?’

‘ठेवा.’

तिच्या घरी मी जेवले. भूक लागली आहे हे ताट समोर आल्यावर कळलं. निघताना फलाटावर फिटर धावत आला, अंगावर वर्कशॉपचे कपडे, हाताला ग्रीस. त्याला सगळं समजलं होतं आणि पटलं नव्हतं.

‘मॅडम, असं चुरगळलेलं नेऊ नका. पदर सोडून बाकीला तरी इस्त्री मारून देतो. आमच्या मंडळाचं नाव हाय.’

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. गाडी आली.

सोलापुरात केंद्राचं फाटक उघडंच होतं. काका बाहेर स्टुलावर बसले होते. मी होकारार्थी मान हलवल्यावर ते उठले आणि माझ्यामागून वर आले. लुगडं कागदात गेलं, कागद खोक्यात गेला, तोवर ते दारात उभे होते.

‘आता हाय न्हवं जागेवर,’ ते म्हणाले. ‘मग अक्काला सांगायची काय गरज?’

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डाग शाबूत होता, बाई परवा गाव सोडणार होत्या, कुणाचं काही गेलं नव्हतं. बातमी म्हणूनही ते छापण्यासारखं नव्हतं. न घडलेला अपघात कुणी छापत नाही. पण हमी मी दिली होती, आणि पोशाखाचा मुक्काम कुठे कुठे झाला हे ज्याचा तो पोशाख त्याला माहीत असावं, या तत्त्वावर तर ही खोली चालते. सांगायचं, असं मी म्हटलं. काका शटर ओढायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सुना आल्या. टेबलावर पांढरी चादर अंथरून लुगडं काढून ठेवलं होतं. बाईंनी आधी पदर पाहिला. पाहून झाल्यावर खुर्ची ओढून बसल्या आणि काठावरून हात फिरवत राहिल्या. त्यांचं पाहून झालं असं वाटल्यावर मी घडलं ते क्रमाने सांगितलं: पट्टी, फवारणी, भाडं, लाँड्री, खिडकी. कुठलंही विशेषण वापरलं नाही.

सुनेने तोंडावर हात ठेवला. बाई ऐकत होत्या.

‘कुर्डुवाडीपतुर गेलं?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘रेल्वेनं?’

‘हो.’

‘ह्यांना लई हौस होती, बाहेरगावी खेळ करायची. मालक सुट्टी देत नव्हता.’ त्या थांबल्या. ‘नेसली का ती बाई?’

‘नाही. तिला नेसता आलं नाही.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या. त्यात काही लपवलेलं नव्हतं.

मी म्हटलं की न धुण्याची हमी निव्वळ योगायोगाने पाळली गेली आहे. लुगडं परत न्यायचं असेल तर आजच बांधून देते, केंद्राची हरकत नाही.

‘नेऊ या की, आई,’ सून म्हणाली. ‘मी हात नाही लावणार. शप्पथ.’

‘तू न्हाय लावणार. तुझी मशीन लावेल.’ बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि तो टोमणा नव्हता. ‘आपल्या घरात असं झालं असतं तर मला कुणी सांगितलं असतं का गं? गुपचूप धुऊन, घडी घालून, होतं तिथं ठेवलं असतं. वर म्हटलं असतं, बघा, किती छान ठेवलंय. ह्या बाईनं सांगितलं. ऱ्हाऊ दे हितंच.’

सुनेने मान खाली घातली आणि मग ती हसली. बहुधा ते खरं होतं.

‘भाड्यानं दिलं कुणी?’ बाईंनी विचारलं.

मी पट्टीचं पुन्हा सांगू लागले, की चूक एकट्याची नव्हती. त्यांनी हाताने थांबवलं. ‘बोलवा त्याला.’

काका आले ते दाराच्या चौकटीपाशीच थांबले. बाई तेलुगूत बोलू लागल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मधे श्वासही नव्हता. काका जमिनीकडे पाहत होते. मग त्यांनी एक छोटं वाक्य म्हटलं. बाई थांबल्या. त्यांनी टेबलाच्या कडेवर हात आपटला आणि त्या इतक्या हसल्या की सुनेला त्यांची पाठ धरावी लागली. काकाही हसत होते, डोळे पुसत.

‘काय म्हणाले?’ मी सुनेला विचारलं.

‘राहू द्या, मॅडम,’ ती म्हणाली. तिचाही चेहरा लाल झाला होता. ‘सांगण्यासारखं नाही.’

मी पुन्हा विचारलं नाही. लुगड्याच्या नोंदीत त्या जागी काही लिहिलेलं नाही. बाईंनी लुगड्याची घडी स्वतः घातली, पदर आत घेऊन, आणि कागदावर ठेवली. निघताना काकांनी त्यांना जिन्यावर हात दिला. तो त्यांनी घेतला, पण दोन पायऱ्या उतरून सोडला आणि पुढे बोलतच गेल्या. खालून बराच वेळ दोघांचे आवाज येत होते.